कोकणातल्या मिलिमीटर लहरी: पावसाचा दोष किती, झाडांचा किती

मिलिमीटर लहरींचा विषय निघाला की कोकणात पहिला आक्षेप पावसाचा येतो. जिथे मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते, तिथे पावसाच्या थेंबाशी बरोबरी करणाऱ्या लांबीच्या लहरी कशा टिकाव धरणार, असे मला रत्नागिरीत, चिपळुणात आणि कणकवलीत अनेकांनी विचारले आहे. उमेदीची बरीच वर्षे मायक्रोवेव्ह लिंकच्या देखभालीत गेल्यामुळे मला हा प्रश्न अनाठायी वाटत नाही. मात्र तो चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, असे माझे मत आहे. टॉवरवरून हातातल्या मोबाइलपर्यंत येणाऱ्या मिलिमीटर लहरींना कोकणात पावसापेक्षा झाडे, जांभ्याच्या भिंती आणि विखुरलेल्या वाड्या अधिक अडवतील. पाऊस खरा नडतो तो एका टॉवरला दुसऱ्या टॉवरशी जोडणाऱ्या लिंकमध्ये, आणि त्या लिंकविषयी फारसे कोणी बोलत नाही.

काटेकोर व्याख्येप्रमाणे ३० ते ३०० गिगाहर्ट्झ या वारंवारतांच्या लहरींना मिलिमीटर लहरी म्हणतात, कारण त्यांची तरंगलांबी १० मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत असते. आपल्याकडे फाईव्ह-जीसाठी जो २६ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला, तो २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ असा आहे, म्हणजे त्याची तरंगलांबी ११ ते १२ मिलिमीटरच्या घरात येते आणि तो या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेरच राहतो; पण व्यवसायात त्यालाही सरसकट मिलिमीटर लहरींतच धरतात, आणि गुणधर्म पाहता त्यात काही वावगे नाही. या लहरी नव्याने सापडलेल्याही नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीवर, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या आसपास, प्रयोग केले होते आणि आज ज्याला हॉर्न अँटेना म्हणतात तसा नरसाळ्याच्या आकाराचा भाग त्यांच्या उपकरणात होता. पुढची कित्येक दशके या लहरी रडार, उपग्रह आणि खगोलशास्त्र यांच्यापुरत्या राहिल्या, कारण त्या निर्माण करणारी आणि टिपणारी इलेक्ट्रॉनिक्स स्वस्तात बनवणे कोणाला जमत नव्हते. अमेरिकी अभियंते थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये २८ आणि टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये ३८ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्ष घराबाहेर घेतलेली मोजमापे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मोबाइलसाठीही या लहरी वापरता येतील यावर उद्योगाचा विश्वास बसू लागला. २०१८ मध्ये आलेल्या फाईव्ह-जीच्या पहिल्या प्रमाणकात त्यांना जागा मिळाली, आणि २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झसह आणखी काही पट्टे मोबाइलसाठी निश्चित केले.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर रुंदीत आहे. ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका कंपनीच्या वाट्याला साधारण १०० मेगाहर्ट्झ येतात. २६ गिगाहर्ट्झमध्ये तीच कंपनी ८०० किंवा १००० मेगाहर्ट्झ सहज बाळगू शकते. २०२२ च्या लिलावात जिओ आणि एअरटेल यांनी देशभर नेमके तेवढे घेतलेही. त्या लिलावातल्या राखीव किमती, म्हणजे ज्यांच्याखाली बोली लावता येत नाही त्या किमती, मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. संपूर्ण देशासाठी एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३,९२७ कोटी रुपये होती, ३.३ गिगाहर्ट्झमध्ये ३१७ कोटी आणि २६ गिगाहर्ट्झमध्ये जेमतेम ७ कोटी. लहर किती दूर जाते आणि किती भिंती ओलांडते, याचा हिशेब या उतरत्या आकड्यांत आधीच मांडलेला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे ज्या महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात, तिथेही हा स्पेक्ट्रम विकला गेला आहे. म्हणजे कागदावर तरी तो आपल्या डोक्यावर आहेच.

आता लहर दूर का जात नाही, ते पाहू. वारंवारता आठपट झाली, म्हणजे ३.५ वरून २८ गिगाहर्ट्झवर गेलो, तर तशाच क्षमतेच्या अँटेनांमध्ये पोचणारी शक्ती चौसष्टाव्या हिश्शावर येते. आमच्या भाषेत १८ डेसिबलची घट होते. (१० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे आकडे वाचता येतात.) मात्र तरंगलांबी आखूड झाल्यामुळे अँटेनाही लहान होते, आणि ही घट भरून काढण्याची सोय त्यातच दडलेली आहे. २८ गिगाहर्ट्झवर दोन अँटेनांमध्ये सुमारे साडेपाच मिलिमीटरचे अंतर पुरते, त्यामुळे आठ बाय आठ अशा चौसष्ट अँटेना साडेचार सेंटिमीटरच्या चौकोनात बसतात. प्रत्येक अँटेनाला दिलेल्या संकेताची कला (फेज) किंचित मागेपुढे केली, की सगळ्यांची मिळून एक अरुंद झोत तयार होते आणि अंधाऱ्या पाणंदीत बॅटरी फिरवावी तशी ती हवी तिकडे वळवता येते, फक्त येथे हलणारा असा एकही भाग नसतो. ग्राहक कुठे आहे हे आधी ठाऊक नसल्यामुळे टॉवर या झोतीने चौसष्टपर्यंत दिशा पाच मिलिसेकंदांच्या आत चाचपतो आणि ही फेरी साधारणपणे दर वीस मिलिसेकंदांनी पुन्हा करतो. मोबाइलकडूनही तसाच प्रतिसाद यावा लागतो, आणि हाताच्या पंजाने मोबाइलमधली अँटेना झाकली गेली तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून अशा मोबाइलच्या वेगवेगळ्या कडांवर एकाहून अधिक अँटेनासंच बसवतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलमध्ये हे संच नसतातच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये ते २०२० पासून आहेत. त्याच आयफोनच्या भारतीय आवृत्तीत ते नाहीत.

पावसाचा हिशेब आता करता येईल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी सूत्रे आम्ही लिंक आखताना वापरतो, त्यांच्याप्रमाणे ताशी १०० मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या पावसात २६ ते २८ गिगाहर्ट्झची लहर दर किलोमीटरला १६ ते १८ डेसिबल गमावते. आकडा भीतिदायक दिसतो. पण मिलिमीटर लहरींचा मोबाइल टॉवर मुळातच २०० मीटरच्या आसपास सेवा देण्यासाठी आखलेला असतो, आणि २०० मीटरवर हाच तोटा साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक, इतकाच उरतो. एवढा तोटा अशा यंत्रणेला सोसवतो. पावसाच्या बाबतीत आणखी एक गफलत सर्रास होते: लोक दिवसाच्या पावसाचा आकडा पुढे करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याची सरासरी काढली तर ती ताशी ४० मिलिमीटरही भरत नाही. लहरीला दिवसाची बेरीज कळत नाही, तिला त्या त्या मिनिटाची तीव्रता भोगावी लागते. आपल्याकडे आषाढात एखादी सर दहा-पंधरा मिनिटे अशी कोसळते की समोरची वाडी दिसेनाशी होते. त्या पंधरा मिनिटांत जे घडते ते पर्जन्यमापकाच्या दैनिक नोंदीत कुठेच उमटत नाही, आमच्या लिंकच्या नोंदीत मात्र स्वच्छ दिसते.

झाडांचे तसे नाही. पाऊस येतो आणि जातो. आमराई तिथेच उभी असते. पर्णसंभारातून जाताना होणाऱ्या घटीचे एक जुने, रुळलेले सूत्र आहे, आणि त्यानुसार २८ गिगाहर्ट्झची लहर दहा मीटर दाट पानांतून जाताना सुमारे १२ डेसिबल आणि तीस मीटरमधून जाताना सुमारे २५ डेसिबल गमावते. म्हणजे जुन्या रायवळ आंब्याचा एक घेर मधे आला तरी तो त्या साडेतीन डेसिबलच्या पावसाहून कितीतरी भारी पडतो, आणि ओल्या पानांचा तोटा सुक्यापेक्षा अधिक असतो. नारळी-पोफळीच्या आगरात तर झाडे स्थिरही नसतात. दक्षिण रत्नागिरीतल्या एका खाडीवर आमची एक लिंक दुपारी वारा सुटला की फ्लॅप होत असे, म्हणजे क्षणाक्षणाला तुटून पुन्हा जोडली जात असे, आणि आकाश निरभ्र असतानाही नोंदीत पावसासारखे खड्डे दिसत. टॉवरवर चढून दुर्बिणीने रेषा पाहिली तेव्हा पलीकडच्या काठावरच्या एका माडाची झावळ वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर बरोबर मधे येत होती. लिंक बसवली तेव्हा तो माड खाली होता. तीन-चार पावसाळ्यांत तो वर आला. मालकांनी झावळ तोडू दिली, पण माड तोडू देणे शक्यच नव्हते, आणि ते योग्यच होते. शेवटी आम्ही ड्रम, म्हणजे लिंकची गोल अँटेना, दोन मीटर वर चढवला. ती लिंक १५ गिगाहर्ट्झची होती. २६ गिगाहर्ट्झला त्या झावळीने याहून अधिक छळले असते.

भिंतींचा प्रश्न तर निकालातच निघालेला आहे. न्यूयॉर्कमधल्या त्या २८ गिगाहर्ट्झच्या मोजमापांत विटांच्या बांधकामाने सुमारे २८ डेसिबल, रंगीत काचेने सुमारे ४० डेसिबल आणि साध्या पारदर्शक काचेने जेमतेम ४ डेसिबल खाल्ले. आपल्या घरांच्या जांभ्याच्या भिंती हातभर जाड, आणि पावसाळ्याचे चार महिने ओल धरून बसलेल्या. त्यांतून काही आरपार जाईल अशी आशा कोणी करू नये. अशा घरात ओटीवर किंवा पडवीत, जिथे समोर खळे मोकळे असते, तिथे मिलिमीटर लहर कदाचित पूर्ण वेगाने मिळेल, आणि माजघराचा उंबरठा ओलांडताच ती शून्य होईल. नव्या इमारतींत उष्णता अडवण्यासाठी लावतात त्या लेपाच्या काचा जांभ्याहून फारशा बऱ्या नाहीत.

या सगळ्यावर वाड्यांची भर घाला. प्रत्येक दोनशे मीटरवर एक लहान टॉवर, त्या प्रत्येकाला फायबर आणि वीज, हा हिशेब जिथे माणसे दाटीने राहतात किंवा जमतात तिथेच जुळतो. दक्षिण कोरियाचे उदाहरण या बाबतीत पुरेसे आहे. तिथल्या तिन्ही कंपन्यांनी २८ गिगाहर्ट्झचे परवाने घेतले, ठरलेल्या संख्येने टॉवर मात्र उभारले नाहीत, आणि सरकारने २०२२ व २०२३ मध्ये ते परवाने काढून घेतले. सोलसारखे दाट वस्तीचे शहर हाताशी असतानाही ज्यांना हे फायद्याचे वाटले नाही, ते दापोली तालुक्यातल्या पंधरा घरांच्या वाडीत फायद्याचे वाटेल, असे मला वाटत नाही. त्या वाडीला ७०० मेगाहर्ट्झची लांब पल्ल्याची लहर आणि जमल्यास घरापर्यंत फायबर, हेच योग्य.

पण कोकणात माणसे जमत नाहीत असे कोण म्हणेल? गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत चिपळूण, रत्नागिरी, कणकवली या स्थानकांच्या फलाटांवर जी गर्दी उतरते, तिच्यातला प्रत्येक चाकरमानी गाडीतून पाय खाली ठेवताच घरी फोन लावत असतो किंवा चित्रफीत पाठवत असतो, आणि नेमका तेव्हा टॉवर गुदमरतो. सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, पण काहीही पुढे सरकत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. ही कमतरता पोहोचीची नसून रुंदीची आहे आणि मिलिमीटर लहरींची जागा मला तिथेच दिसते. फलाटावर छपराखाली पाऊस लागत नाही, झाड मधे येत नाही, अंतर शंभर मीटरच्या आत आणि मधे भिंतही नाही. दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीबोटीच्या धक्क्यांवर, दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याच्या देवळाच्या परिसरात, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी लागतात त्या वेळी, अशीच स्थिती असते. अर्थात वर म्हटल्याप्रमाणे लोकांच्या मोबाइलमध्ये आधी तो अँटेनासंच हवा, आणि तो नाही तोवर फलाटावर कोणी पैसे घालणार नाही. कोंबडी आधी की अंडे, तसला हा पेच आहे आणि तो सोडवणे कोकणाच्या हातात नाही.

त्यापेक्षा घराच्या छपरावर बसवायच्या यंत्राची वाट जवळची आहे. २०२३ मध्ये दोन्ही मोठ्या कंपन्यांनी एअरफायबर नावाने अशी सेवा सुरू केली. यात अँटेना बाहेर, उंचावर आणि एका जागी स्थिर असते, त्यामुळे जांभ्याची भिंत आणि हाताचा पंजा हे दोन्ही अडथळे आपोआप गळतात आणि मोबाइलच्या चिमुकल्या अँटेनापेक्षा मोठी अँटेना वापरता येते. सड्यावरच्या टॉवरवरून खालची बाजारपेठ झाडांच्या शेंड्यांवरून थेट दिसत असेल, तर २६ गिगाहर्ट्झची अशी सेवा किलोमीटरभर चांगली चालू शकेल. मग मात्र त्या १६ डेसिबलचा विचार करावा लागेल, कारण अंतर वाढले की पाऊस पुन्हा हिशेबात येतो.

घरातल्या जाळ्यांचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे गुंतागुंत कमी आहे. ६० गिगाहर्ट्झवर चालणारे वाय-फाय, ज्याला वायगिग म्हणत, त्याचे प्रमाणक २०१२ पासून उपलब्ध आहे. त्याची एक वाहिनी २.१६ गिगाहर्ट्झ रुंद असते आणि वेग सेकंदाला सुमारे ७ गिगाबिटपर्यंत जातो. या वारंवारतेवर हवेतला प्राणवायू लहर शोषतो, हे सगळीकडे छापून येते, पण ते शोषण किलोमीटरला १५ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे दहा मीटरच्या खोलीत ते नगण्य ठरते. खोलीच्या बाहेर ती जात नाही ती भिंतीमुळे. जांभ्याच्या घरात हा दोष गुणही ठरतो, कारण शेजारच्या खोलीत तीच वाहिनी निर्धास्त पुन्हा वापरता येते; आणि हाच दोष प्रत्येक खोलीत वेगळे यंत्र बसवायला लावतो. बाजारात हे वाय-फाय रुजले नाही, आणि मला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रत्येक टॉवरला कुठून तरी डेटा आणून द्यावा लागतो. त्याला बॅकहॉल म्हणतात. फायबर असेल तर प्रश्न नाही, पण कोकणात महामार्गाचे रुंदीकरण, दरडी आणि जेसीबी यांमुळे फायबर तुटत राहते, आणि खाड्या व डोंगर ओलांडून ती सगळीकडे नेलेलीही नाही. म्हणून टॉवरवर ते पांढरे गोल ड्रम दिसतात. जुने ड्रम ७ किंवा १५ गिगाहर्ट्झचे. नवे, आकाराने लहान असतात ते पुष्कळदा ई-बँडचे, म्हणजे ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झचे. ई-बँडची लिंक सेकंदाला १० गिगाबिटही वाहून नेते आणि फाईव्ह-जीला तेवढे लागतेच. पण ताशी १०० मिलिमीटरच्या त्याच पावसात ७ गिगाहर्ट्झची लिंक किलोमीटरला पावणेदोन डेसिबल गमावते, १५ गिगाहर्ट्झची आठ, आणि ई-बँडची सुमारे तीस. लिंक आखताना आम्ही जे फेड मार्जिन, म्हणजे वाईट वेळेसाठी राखून ठेवलेली शक्ती, धरतो ती साधारण तीस ते चाळीस डेसिबल असते. म्हणजे अशा सरीत ई-बँडची हॉप, म्हणजे एका टॉवरवरून दुसऱ्यावरची एक झेप, एक-सव्वा किलोमीटरपलीकडे तग धरत नाही. सर संपूर्ण अंतरावर सारख्या जोराने पडत नाही, हे खरे, आणि सूत्रात त्याची सवलतही असते. तरीही खाडी ओलांडून दहा किलोमीटरवरच्या टॉवरला जोडण्याचे काम तिचे नाही. शिवाय ड्रमच्या तोंडावरचे आवरण ओले झाले की पाण्याच्या पातळ थराचा तोटा वेगळा, आणि खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात त्याचा वेगळा.

यावरचा उपाय उद्योगाला ठाऊक आहे: एकाच रेषेत ई-बँड आणि १५ गिगाहर्ट्झ अशा दोन लिंक जोडीने बसवायच्या, म्हणजे कोरड्या हवेत मोठा प्रवाह ई-बँडवरून जातो आणि सर आली की किमान फोनकॉल व महत्त्वाची वाहतूक खालच्या पट्ट्यावरून चालू राहते. लिंक स्वतःही पाऊस वाढला की संकेतांकन सोपे करत वेग उतरवत जाते. म्हणून ग्राहकाला नेटवर्क गेलेले दिसत नाही, ते फक्त रखडलेले दिसते, आणि दोष मोबाइलवर जातो.

ही जोडीची व्यवस्था टिकण्यासाठी खालचे पट्टे मात्र शिल्लक राहायला हवेत, आणि माझी काळजी तिथे आहे. २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत पुढच्या पिढीच्या मोबाइलसाठी ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ हे पट्टे विचारार्थ आहेत. मिलिमीटर लहरींच्या मर्यादा अनुभवल्यावर उद्योग पुन्हा खाली उतरू पाहतो आहे, आणि त्यात तांत्रिक शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही. पण यांतला मधला पट्टा आणि शेवटचा पट्टा म्हणजे आपल्या डोंगरमाथ्यांवरच्या लांब हॉपचे ७ आणि १५ गिगाहर्ट्झच. शहरात ते मोबाइलला दिले तर टॉवरांना फायबर आहे. राजापूर, देवगड, गुहागर इथल्या टॉवरांकडे त्या बदल्यात ई-बँड उरेल, आणि त्याचा आषाढातला हिशेब वर मांडलाच आहे. हे पट्टे द्यायचेच ठरले, तर निदान मोठ्या शहरांपुरते द्यावेत आणि किनारी तालुक्यांत ते बॅकहॉलसाठी राखावेत, किंवा आधी त्या टॉवरांपर्यंत फायबर न्यावी, ही मागणी आत्ताच नोंदवायला हवी, कारण एकदा लिलाव झाला की पट्टा परत मिळत नाही.